घरची उजळणी

परगावी बिऱ्हाड मांडणाऱ्या मराठी माणसाची एक गंमत सर्वत्र पाहावयास मिळते. वीस-पंचवीस वर्षे परमुलखात राहून तो तेथील भाषा अस्खलित बोलू लागतो. बाजारात, कचेरीत, शेजारीपाजारी तीच वापरतो. परंतु भाजीवाल्याने परत दिलेली मोड मोजण्याची वेळ आली, की त्याचे ओठ नकळत मराठीत हलू लागतात. ‘सात पंचे पस्तीस’ हे तो मनाशी मराठीतच म्हणतो. माणूस बोलतो अनेक भाषांत, पण हिशेब करतो तो बहुधा एकाच भाषेत; आणि ती भाषा शाळेच्या क्रमिक पुस्तकापेक्षा घरच्या ओसरीवरून, दिवेलागणीला कोणा वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसून त्याच्याकडे आलेली असते.

आपल्या मंडळाच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत गणेशोत्सव, नाटके, व्याख्याने व हळदीकुंकू यांची नोंद दप्तरात सापडेल. घरोघरी म्हटल्या गेलेल्या परवच्याची नोंद मात्र कोठेच नसणार. म्हणून घरी मुलांना गणित शिकविण्याची जी जुनी परंपरा आपल्या समाजात होती, तिचा थोडासा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे. ही परंपरा दूर गेलेल्या घरांत कशी टिकली, तिच्यातले काय गेले आणि काय राखण्याजोगे आहे, हा प्रश्न आपल्यासारख्यांना इतरांहून अधिक जवळचा आहे.

या परंपरेचा आरंभ शोधू लागल्यास प्रथम भास्कराचार्यांचे घर समोर येते. शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये जन्मलेल्या ह्या गणितज्ञाने आपला ‘सिद्धान्तशिरोमणि’ इ. स. ११५० मध्ये पूर्ण केला. आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे त्यांनीच सांगून ठेवले आहे. त्यांचे गुरू म्हणजे त्यांचे वडील महेश्वर. एवढ्या मोठ्या गणितीचे शिक्षण कोणा दूरच्या विद्यापीठात नव्हे, तर बापाच्या हाताखाली झाले, ही गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही. ‘लीलावती’ हा त्यांच्या ग्रंथाचा अंकगणिताचा भाग. त्यातील अनेक उदाहरणे एका मुलीला उद्देशून घातलेली आहेत. तिच्या विवाहाच्या मुहूर्ताची व घटिकापात्रात पडलेल्या मोत्याची जी कथा आपण ऐकतो, ती मात्र ग्रंथात नाही; अकबराच्या दरबारातील फैजी याने १५८७ साली केलेल्या फार्सी भाषांतरातून ती पसरली. कथा खरी असो वा नसो, गणित शिकविताना समोर एक बालक आहे आणि त्याला भुंगे, कमळे, मोर व साप यांच्या गोष्टींतून प्रश्न घालावयाचा आहे, ही दृष्टी त्या ग्रंथात पानोपानी दिसते. घरी शिकविणाऱ्याची दृष्टी ती हीच.

भास्कराचार्यांचे नातू चांगदेव हे देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी होते. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून त्यांनी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. त्याचा शके ११२८ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. लेखाचा मुख्य भाग संस्कृतात आहे; परंतु मठाला कोणी काय द्यावयाचे याचा तपशील जेथे येतो, तेथे लेख जुन्या मराठीत उतरतो. शास्त्राची भाषा संस्कृत आणि देण्याघेण्याची भाषा मराठी, ही विभागणी आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेली आहे. आज संस्कृतच्या जागी इंग्रजी आली, एवढाच काय तो फरक.

पुढे कोकणात नांदगावी गणेश दैवज्ञ झाले. त्यांचे गुरूही त्यांचे वडील केशव दैवज्ञच. गणेशांचा ‘ग्रहलाघव’ हा १५२० चा ग्रंथ. पंचांग करणाऱ्यांचा तो पुढे कित्येक पिढ्या आधार होता. १५४५ मध्ये त्यांनी ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. गोदावरीकाठच्या गोलग्रामचे दिवाकर हे त्यांचे शिष्य. या दिवाकरांचे वंशज काशीस जाऊन राहिले, आणि येथून आपल्या विषयाला खरी सुरुवात होते. कारण मायदेश सोडून गेलेली ही गणिती घराणी म्हणजे एका अर्थी आपले पूर्वसूरीच होत.

गोलग्रामच्या या घराण्यात विद्या कशी उतरत गेली ते पाहण्यासारखे आहे. दिवाकरांचे नातू नृसिंह आपल्या चुलत्यांजवळ शिकले. नृसिंहांचे पुत्र कमलाकर हे आपल्या थोरल्या भावाजवळ शिकले. त्या भावाचे नावही पणजोबांवरून दिवाकर असेच होते. कमलाकरांनी १६५८ मध्ये काशीत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ लिहिला. बापाने मुलास, चुलत्याने पुतण्यास, थोरल्याने धाकट्यास शिकवावे, अशी ही रीत. त्याच सुमारास विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामहून आलेले दुसरे एक घराणे काशीत नांदत होते. त्यातील कृष्ण दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या बीजगणितावर टीका लिहिली. त्यांचे बंधू रंगनाथ यांनी सूर्यसिद्धान्तावर लिहिले आणि रंगनाथांचे पुत्र मुनीश्वर यांनी १६४६ मध्ये ‘सिद्धान्तसार्वभौम’ रचला. मुनीश्वर आणि कमलाकर यांचे शास्त्रीय वाद चांगलेच रंगले. एका परक्या गावात दोन मराठी घरे असावीत आणि त्यांच्यात मतभेद असू नयेत, असे त्या काळीही घडले नाही, हे वाचून आपल्या मंडळाच्या जुन्या सभासदांना थोडे हसू येईल! शं. बा. दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ या ग्रंथात अशा घराण्यांची हकीकत मराठीत नोंदवून आपल्यावर मोठे उपकार केले आहेत.

ही परंपरा उज्ज्वल खरी, पण अरुंद होती, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ती थोड्या घरांपुरती, एका वर्णापुरती आणि त्यातही मुलग्यांपुरती होती. सामान्य शेतकरी, वाणी, कारकून व गृहिणी यांचे गणित निराळे होते. ते पोथीत नव्हते. ते उजळणीत होते.

पंतोजीच्या शाळेत मुलगा धूळपाटीवर बोटाने अंक गिरवी. मग पाढे सुरू होत. बे एके बे पासून तिसापर्यंतचे पाढे झाले, म्हणजे अपूर्णांकांची पाळी येई: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. संध्याकाळी घरी शुभंकरोती झाले, की यांतील बराचसा भाग परवच्यात म्हणावा लागे. त्यापाठोपाठ वार, तिथी, नक्षत्रे, महिने. कोठे अडखळले की माजघरातून आजीचा आवाज येई, कारण वर्षानुवर्षे ऐकून तिलाही ते पाठ झालेले असे. तिला शाळेत कोणी पाठविले नव्हते. पण पाढ्यांना उंबऱ्याची अडचण नव्हती.

साडेतीनचा पाढा कशासाठी, असा प्रश्न आजचा विद्यार्थी विचारील. त्याचे उत्तर त्या काळच्या मापांत आहे. आपल्याकडे धान्य मापताना बहुतेक ठिकाणी दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर आणि चार शेरांची पायली, असा हिशेब असे. म्हणजे एका पायलीची निळवी चौसष्ट. तिकडे रुपयाच्या पावल्या चार, आणे सोळा आणि पैसेही चौसष्टच. सारा व्यवहार अर्धे करीत आणि अर्ध्याचे अर्धे करीत चाललेला. अशा जगात दशांशाचा उपयोग नाही; तेथे पाव, निम आणि पाऊण यांचेच राज्य.

एक उदाहरण घेऊ. अडीच आणे शेराने सतरा शेर जिन्नस घेतला. अडीचकी पाठ असलेल्या मुलाला सतराला अडीचपटीने ‘साडेबेचाळीस’ हे उत्तर विचार न करता सापडे. साडेबेचाळीस आण्यांतून दोन रुपयांचे बत्तीस आणे वजा केले, की उरले साडेदहा. उत्तर, दोन रुपये साडेदहा आणे. पाटी नाही, लेखणी नाही. तसेच मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा, म्हणून मणाला पाच रुपये भाव असेल तर शेराला दोन आणे पडणार, ही खूणगाठ एकदा बांधली, की दहा रुपये मणाला चार आणे शेर, साडेसात रुपये मणाला तीन आणे शेर, हे ओघानेच आले. बाजारात आपले कोणी फसवू नये, एवढ्यासाठी हे पाठांतर होते. ज्याला हे येत नसे त्याला सावकाराच्या वहीवर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नसे. उजळणीमागे केवढी मोठी गरज उभी होती, हे यावरून कळेल.

एकोणिसाव्या शतकात छापील पुस्तके आली, सरकारी शाळा निघाल्या, आणि गणित हळूहळू ओसरीवरून वर्गात गेले. तरीही घरचे शिक्षण थांबले नाही. लोकमान्य टिळकांचे वडील गंगाधरपंत हे स्वतः शिक्षक होते व त्यांनी त्रिकोणमितीवर पुस्तकही लिहिले होते. बाळला संस्कृत व गणित यांचे पहिले धडे घरीच मिळाले, आणि पुढे डेक्कन कॉलेजात केरूनाना छत्र्यांसारखा गुरू लाभला. लोकमान्यांची गणितावरील निष्ठा सर्वश्रुत आहे. तिचे मूळ रत्नागिरीच्या घरात होते.

याच काळात रेल्वे, तारखाते, पलटणी, महाविद्यालये व संस्थानांच्या नोकऱ्या यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे देशभर पांगली. शाळा मिळाली ती हिंदी, बंगाली, तेलुगू, कानडी किंवा इंग्रजी. मुलाला तेथील अंक शिकावेच लागले. मराठी अंकांना आता घराशिवाय दुसरा आसरा राहिला नाही. मायदेशी जे काम शाळा आणि घर मिळून करीत, ते परमुलखात एकट्या घरावर येऊन पडले.

अशा एका घराची हकीकत पुन्हा काशीतलीच आहे. कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर केंब्रिजहून रँग्लर होऊन आले आणि १९३२ मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांच्या पत्नी सुमतीबाई संस्कृतज्ञ होत्या. त्यांचे चिरंजीव जयंत यांचे शालेय शिक्षण बनारसलाच झाले. सुमतीबाईंचे बंधू मोरेश्वर हुजूरबाजार हे गणिताच्या उच्च शिक्षणासाठी बहिणीकडे राहावयास आले होते. घरात लिहिण्यासाठी फळे लावलेले होते. हे मोरूमामा त्यांतील एका फळ्यावर एखादा अवघड प्रश्न लिहीत आणि वर मथळा देत, ‘जे.व्ही.एन. साठी आव्हान’. भाच्याने तो सोडवावा किंवा हार मान्य करावी. तोवर प्रश्न फळ्यावरून पुसला जात नसे. जयंतरावांनी ही आठवण पुढे अनेकदा मोठ्या कृतज्ञतेने सांगितली आणि ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रातून ते घर आपल्यासमोर उभे केले.

ह्या फळ्याचे महत्त्व नीट समजून घेतले पाहिजे. पंतोजीची उजळणी उत्तर देत असे, फळा प्रश्न देत असे. उजळणीत घाई होती. चुकले की छडी होती. फळ्यावरच्या प्रश्नाला घाई नव्हती. मुलगा जेवायला बसला तरी प्रश्न समोर आहे, शाळेतून परतला तरी समोर आहे. कोणी ओरडत नाही, कोणी उत्तर सांगूनही टाकत नाही. घरातला एक मोठा माणूस आपल्या बुद्धीवर विश्वास ठेवून वाट पाहत आहे, एवढीच जाणीव मुलाला होती. शाळेच्या पन्नास मुलांच्या वर्गात कितीही चांगला शिक्षक असला, तरी असे वाट पाहणे त्याला परवडत नाही. ते घरालाच परवडते.

या गोष्टीचा पुढचा धागाही मनोरंजक आहे. बनारस, केंब्रिज आणि मुंबई अशी वाटचाल करून जयंतरावांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला एक मराठी विज्ञानकथा पाठविली, ती टोपणनावाने: नारायण विनायक जगताप. फळ्यावरच्या जे.व्ही.एन. या आद्याक्षरांचाच हा उलटा क्रम. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंनी आपल्या हाताने लिहून दिली. तिला पहिले पारितोषिक मिळाले. मराठी शाळेपासून दूर वाढलेला मुलगा इतके सहज मराठी लिहू शकला, त्याचे श्रेय त्या घरच्या भाषेला दिले पाहिजे.

मध्यंतरी देशात एक मोठा बदल झाला होता. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने शेर, मण जाऊन किलोग्रॅम आले. आणा गेला, पावली गेली, चिपटे-मापटे अडगळीत पडले. पावकी, पाऊणकी आणि औटकी यांचे पोटच गेले. काही घरांतून त्या थोडी वर्षे सवयीने म्हटल्या गेल्या आणि मग थांबल्या. याबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे, परंतु हा बदल योग्यच होता. शंभराचा हिशेब शिकण्यास सोपा, आणि तो देशभर एकच. ज्यांना पूर्वी सवायकी पाठ करण्याची संधीच मिळाली नव्हती, त्यांना बाजारात बरोबरीने उभे राहणे त्याने सुलभ झाले.

मात्र शब्द गेले नाहीत. आपण अजूनही सव्वा किलो साखर घेतो, अडीच मीटर कापड घेतो, पावणेसातची गाडी पकडतो. दीड आणि अडीच यांना इंग्रजीत स्वतंत्र शब्द नाहीत. इंग्रजी माध्यमात शिकणारे आपले मूल ‘पावणेतीन’ म्हणजे किती, येथे हमखास अडते. त्याला पाव कमी तीन हे घड्याळ समोर ठेवून एकदा समजावून दिले, तर अपूर्णांक आणि मराठी हे दोन्ही धडे एकाच वेळी होतात.

संख्यांची नावे हा याहून अवघड प्रश्न. मराठीत २१ वाचताना आपण एक आधी म्हणतो आणि वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी येतो. हिंदी, गुजराती व बंगालीची रीतही अशीच. इंग्रजी, कानडी, तेलुगू व तमिळ यांत दशक आधी येते. म्हणून बंगळूर किंवा हैदराबादला शिकणारे मूल घरी ‘एकवीस’ ऐकते आणि १२ लिहून बसते. हिंदी मुलखात निराळाच घोटाळा: क्रम सारखा, पण उच्चार जवळ जवळ येऊन मिसळतात, ‘त्रेचाळीस’ आणि ‘तैंतालीस’ यांची गल्लत होते. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असेही वाचन सुचविले गेले, तेव्हा मोठे वादळ उठले आणि ते विधिमंडळापर्यंत पोचले. त्या समितीच्या प्रमुख होत्या डॉ. मंगला नारळीकर. संसार आणि तीन मुलींचे संगोपन सांभाळून त्यांनी १९८१ मध्ये गणितात डॉक्टरेट मिळविली होती आणि ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके मुलांसाठी लिहिली होती. संख्यावाचनातील जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे लहान मुले गणिताला भितात, ही भीती कमी व्हावी, असे त्यांचे म्हणणे होते. २०२३ मध्ये त्यांचे आणि २०२५ मध्ये जयंतरावांचे निधन झाले.

या वादात कोणाची बाजू बरोबर, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्यापुरता बोध इतकाच, की मूल ‘त्रेसष्ट’ला अडखळले म्हणून त्याच्यावर रागावू नये. ‘साठ आणि तीन’ असे आधी सांगावे, मग ‘त्रेसष्ट’ म्हणावे. जिने चढताना पायऱ्या मोजाव्यात, पानांवर लाडू वाढताना मोजावेत, गाडीच्या प्रवासात स्टेशने मोजावीत. संख्या कानावरून शेकडो वेळा गेली, की जिभेवर आपोआप बसते. आणि एखादा प्रश्न फळ्यावर लिहून वाट पाहावी.

असा एक प्रश्न देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांनी आपल्याला देऊन ठेवला आहे. कोणताही चार अंकी आकडा घ्यावा, मात्र चारही अंक सारखे नसावेत. त्याचे अंक उतरत्या क्रमाने व चढत्या क्रमाने मांडून मोठ्यातून लहान वजा करावा, आणि येणाऱ्या उत्तराचे पुन्हा तसेच करावे. १९७४ घेतला तर ९७४१ मधून १४७९ वजा जाता ८२६२ येतात. मग ६३५४, मग ३०८७, मग ८३५२ आणि अखेर ६१७४. कोणताही आकडा घेतला तरी सात पावलांच्या आत ६१७४ वरच गाडी थांबते. मुलाला हे आधी सांगू नये. त्याचे त्यालाच सापडू द्यावे. वजाबाकीची पन्नास उदाहरणे तो तक्रार न करता सोडवील.

गोलग्रामचे दिवाकर, रत्नागिरीचे गंगाधरपंत आणि बनारसचे मोरूमामा यांच्या काळात, विषयात व भाषेत पुष्कळ अंतर आहे. पण तिघांनीही घरातल्या मुलासाठी आपला वेळ काढला. मण, शेर, आणे, पै जाऊन चालले. तो वेळ गेला तर मात्र चालणार नाही. महाराष्ट्रातल्या मुलाच्या कानावर मराठी संख्या रस्त्यावरूनही पडतात. आपल्या मुलांच्या कानावर त्या पडल्या तर आपल्याच तोंडून पडतील. आपल्या मंडळाचा शतकमहोत्सव साजरा होईल, तेव्हा आजची मुले वर्गणीचा हिशेब करीत बसलेली असतील. त्यांनी तो कोणत्याही भाषेत लिहावा. बेरीज करताना ओठ मराठीत हलावेत, एवढे काम आज संध्याकाळी आपल्या घरी होण्यासारखे आहे.